टीबीच्या गोळ्या, नायट्याच्या गोळ्या : नव्याने औषध सुरू करणाऱ्यांसाठी

बीपी-शुगरच्या गोळ्या बाजूला ठेवल्या, तर महिनोन्‌महिने घ्यावी लागणारी दोन औषधं आमच्या सीमाभागात नेहमी दिसतात. एक टीबीचं, दुसरं बुरशीचं. निपाणीकडं विडी आणि तंबाखूचं काम, बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात मागावर वाकून बसणारी माणसं, दाटीवाटीची घरं, कमी पडणारं खाणं; टीबीला आणखी काय लागतं? आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कपडे धड वाळत नाहीत, तेव्हा जांघेत, कमरेला, काखेत नायटा धरतो.

मी खानापूर तालुक्यात मेडिकलच्या काउंटरमागं बसतो. माणसं ही दोन्ही औषधं अर्ध्यावर सोडतात ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. अंगात काहीतरी वेगळं घडतं आणि ते घडणार हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख, ज्यांच्या हातात या आठवड्यात पहिली पट्टी पडली आहे त्यांच्यासाठी आणि घरात त्यांना गोळी काढून देणाऱ्या माणसासाठी. डोस किती, कोर्स किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी पोटात गेल्यावर काय करते आणि त्यावरून काय ओळखायचं, एवढं मी सांगतो.

गोळी नेमकं काय करते

टीबीचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिला. हा जंतू फार सावकाश वाढतो. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. शिवाय त्याच्या भोवती मेणचट आवरण असतं. शेतात पावसात इरलं पांघरलं की पाणी जसं वरून ओघळून जातं, तशी बरीचशी औषधं या आवरणावरून घसरून जातात. म्हणून याच्यासाठी वेगळी औषधं लागतात आणि ती खूप दिवस लागतात.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत पहिले दोन महिने चार औषधं असतात. आयसोनियाझिड त्या मेणचट आवरणाचं मुख्य द्रव्य तयार होऊ देत नाही. गंमत म्हणजे हे औषध आधी निष्क्रिय असतं, जंतूचंच एक एन्झाइम त्याला जागं करतं. रिफाम्पिसिन जंतूला त्याच्या जनुकांची नक्कल काढू देत नाही, त्यामुळं त्याची प्रथिनं बनणं थांबतं. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेत, जिथं जंतू सुस्तावून दडून बसलेले असतात, तिथं काम करतं. हे औषध सोबत आल्यामुळंच पूर्वीचा नऊ महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांवर आला. इथॅमब्युटॉल आवरणाचा दुसरा थर बिघडवतं आणि बाकीच्या औषधांची राखण करतं. दोन महिन्यांनंतर पायराझिनामाइड थांबतं आणि उरलेली तीन औषधं साधारणपणे आणखी चार महिने चालतात. हाडाचा किंवा मेंदूचा टीबी असेल तर जास्त.

चार कशाला, एक जबरदस्त औषध द्या की, असं लोक म्हणतात. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यात लाखांत-कोटीत एखादा जन्मतःच कुठल्यातरी एका औषधाला दाद न देणारा असतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. चारही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू निघणं जवळपास अशक्य. पण दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, आता कशाला? सुस्तावलेले जंतू त्या वेळी आत जिवंतच असतात.

बुरशीची अडचण वेगळी. जंतूपेक्षा बुरशीची पेशी आपल्या पेशीला कितीतरी जवळची. तिला मारायला जावं तर आपल्यालाही झळ बसते. फरक सापडला तो मुख्यतः पेशीच्या पडद्यात. आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. बुरशीची बहुतेक औषधं या एर्गोस्टेरॉलच्या मागं लागतात. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘झोल’ येतं ती ते तयार होण्याची एक पायरी अडवतात. टर्बिनाफिन त्याच्या आधीची पायरी अडवतं. ॲम्फोटेरिसिन तयार पडद्यालाच भोकं पाडतं. २०२१ साली कोविडनंतर काळ्या बुरशीसाठी ज्या इंजेक्शनांकरता माणसं या गावातून त्या गावात धावत होती, ते हेच. ग्रिसिओफल्विन हे जुनं औषध नव्या उगवणाऱ्या कातडीत, नखात, केसात जाऊन बसतं आणि बुरशीला वाटून दोन होऊ देत नाही.

पहिल्या आठवड्यात

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. शुगरची, बीपीची, रक्त पातळ करायची, फिटची, पाळणा लांबवायची, गॅसची, गुडघ्याची, कुणीतरी दिलेली आयुर्वेदिक पुडी, सगळं. ती पिशवी औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढं ओता. आमच्याकडं एकाच माणसाचा शुगरचा डॉक्टर बेळगावात, छातीचा मिरजेत आणि कातडीचा गडहिंग्लजला असतो. तिघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिलेली नसते. ही पिशवी नेली नाही तर पुढं काय होतं, ते खाली सविस्तर येईल.

मग वजन. टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. शेजारच्या घरातल्या काकांना तीन आणि तुम्हाला चार मिळाल्या तर घाबरू नका. कोर्स चालू असताना वजन चांगलं वाढलं तर संख्या बदलू शकते, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहा.

बेडका तपासायला दिला असेल तर सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट झाली का, हे विचारा. या तपासणीत टीबी आहे का हे तर कळतंच, रिफाम्पिसिन लागू पडेल का हेही काही तासांत कळतं. सोबत एचआयव्ही आणि शुगर तपासतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, सगळ्यांचीच तपासतात. दारू घेत असाल, पूर्वी कावीळ झाली असेल, दिवस गेले असतील तर न लाजता सांगा. लिव्हरची रक्ततपासणी आधी करून ठेवली तर पुढं तुलना करायला बरी पडते.

टीबीचं निदान झालं की तुमचं नाव ‘निक्षय’ या टीबीच्या सरकारी नोंदणीत जातं आणि एक आयडी मिळतो. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून ही नोंद करणं बंधनकारक आहे. आयडी मोबाइलमध्ये आणि घरच्या डायरीत, दोन्हीकडं लिहून ठेवा. पोषण आहारासाठी सरकार उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात देतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, म्हणून पासबुक घेऊन आशाताईंना लगेच गाठा. केंद्रात फॉर्म कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, संकोच करू नका. शंका असेल तर १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत.

घरातल्या बाकीच्यांची तपासणीही याच आठवड्यात. लहान मुलं आधी. टीबी नसलेल्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या मिळू शकतात, त्या नाकारू नका.

गोळी घ्यायची वेळ

टीबीच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी सगळ्यात चांगल्या लागू पडतात. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. सगळ्या एकदमच घ्यायच्या, दोन सकाळी दोन रात्री अशी वाटणी करायची नाही. फार मळमळत असेल तर थोडी पातळ आंबील किंवा अर्धी भाकरी खाऊन घेतलेली चालते, पण डॉक्टरांना सांगून. गोळी बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. ॲसिडिटीचं पातळ औषध गोळीच्या आसपास पिऊ नका, आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही.

सकाळची गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाचीच घ्या, दुप्पट नको. आणि आशाताईंना खरं सांगा. रिकामी पट्टी दाखवून गोळ्या चुलीत टाकणारी माणसं मला माहीत आहेत, त्यात फसवणूक त्यांचीच होते.

बुरशीच्या इट्राकोनाझोलचं बरोबर उलटं. त्याची साधी कॅप्सूल पोटभर जेवल्यावर लगेच घ्यायची, कारण तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आता आमच्याकडं प्रत्येक चिठ्ठीवर गॅसची गोळी असतेच. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल आम्ल कमी करतात आणि मग महागडी कॅप्सूल न विरघळता वाया जाते. रुग्ण म्हणतो, दोन महिने खाल्ली, नायटा हलला नाही. ‘सुबा’ लिहिलेल्या नव्या प्रकाराला हा नियम तितका कडक लागत नाही, म्हणून पट्टी दाखवून विचारा. ग्रिसिओफल्विन तूप, दूध, शेंगदाण्याची चटणी असं काही स्निग्ध खाल्ल्यावर चांगलं शोषलं जातं. टर्बिनाफिन केव्हाही चालतं.

एक मासळीची गोष्ट. आयसोनियाझिड अंगातलं हिस्टामीन मोडणाऱ्या एन्झाइमाला अडवतं. बांगडा, टुना असे मासे थोडे शिळे झाले की त्यांच्यात हिस्टामीन वाढतं. कारवारहून, गोव्याहून वर आलेला बांगडा आमच्या बाजारात पोचेपर्यंत किती वेळ बर्फाबाहेर राहिला कुणास ठाऊक. तो खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं असं झालं तर ती ‘गोळीची ॲलर्जी’ समजून कोर्स सोडू नका. डॉक्टरांना गोळी आणि मासा दोन्ही सांगा, आणि कोर्स संपेपर्यंत बांगडा टाळा.

काय सोसायचं आणि कशासाठी धावायचं

काउंटरवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, “गोळी चालू केली आणि लघवी लाल व्हायला लागली की ओ, बंद करू काय?”

नको. रिफाम्पिसिनचा रंगच तांबूस आहे. तो लघवीत, घामात, डोळ्यांच्या पाण्यात, थुंकीत उतरतो. पांढऱ्या बनियनच्या काखेत नारिंगी डाग पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स कायमची रंगते, तेवढे महिने चष्मा लावा. याचा त्रास काही नाही, उलट गोळी पोटात गेल्याची खूण आहे.

पण याच रंगाच्या आड कावीळ लपू शकते, म्हणून फरक ओळखायला शिका. गोळीचा रंग नारिंगी असतो, गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत गडद असतो आणि बहुतेकांचा संध्याकाळपर्यंत फिका होतो. काविळीत लघवी दिवसभर काळपट, कडक चहासारखी राहते. त्याहून पक्की खूण डोळ्यांत. ट्यूबलाइटखाली नव्हे, अंगणात उजेडात उभं राहायचं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खालची पापणी बोटानं ओढायची, तुम्ही वर आभाळाकडं बघायचं. बुबुळाखालचा पांढरा भाग पिवळा दिसतो का ते बघायचं. गोळीच्या रंगानं लघवी रंगते, डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होत नाही.

डोळे पिवळे, जेवणाचा वासही नकोसा, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, यातलं काहीही असेल तर त्या दिवशीची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. उद्या नको, बाजारच्या दिवशी नको. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरवर भार टाकतात. वेळेत थांबवलं तर लिव्हर सावरतं आणि डॉक्टर एकेक औषध पुन्हा चालू करत आणतात. कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध आणायला गावोगाव फिरतात आणि सोबत टीबीच्या गोळ्याही चालूच ठेवतात, हे मी पाहिलं आहे. त्यात माणूस जातो. झाडपाला देणाऱ्याला कुठली गोळी चालू आहे हे माहीतच नसतं. बेळगावचं सिव्हिल, तालुक्याचा सरकारी दवाखाना, जवळचं आरोग्य केंद्र, जिथं लवकर पोचाल तिथं पोचा. सोबत पट्टी न्या.

डोळ्यांची दुसरी गोष्ट इथॅमब्युटॉलची. फार थोड्यांच्या बाबतीत हे औषध डोळ्याच्या शिरेला सूज आणतं. नजर अंधुक होते, लाल-हिरवा रंग फिका दिसतो. घरच्या घरी तपासायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रोज एकाच जागी उभं राहायचं, आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून तारखा वाचायच्या. रविवारच्या लाल तारखा एका डोळ्याला विटकरी, उडालेल्या दिसू लागल्या, किंवा काल वाचता येणारा आकडा आज येईना, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. लवकर थांबवलं तर बहुतेकांची नजर परत येते. किडनीचं दुखणं असणाऱ्यांनी जास्त जपायचं, कारण हे औषध किडनीतून बाहेर पडतं.

आयसोनियाझिडमुळं अंगातलं बी-सिक्स जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून तळपायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही. शुगर असलेल्यांना, दारू घेणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना याचा त्रास जास्त. सोबत बी-सिक्सची छोटी गोळी देतात. दिली नसेल तर मागा. मुंग्या आल्या म्हणून टीबीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

पायराझिनामाइड अंगातलं युरिक ॲसिड लघवीवाटे जाऊ देत नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत घोटे, गुडघे, खांदे दुखतात. रोपलावणीच्या दिवसांत कमरेत वाकून काम केल्यानं दुखतंय की गोळीनं, हे कळत नाही. दोन्हींवर वेदनाशामक चालतं, पण डॉक्टरांना विचारून. तिसऱ्या महिन्यात हे औषध थांबतं तसं दुखणंही ओसरतं.

नुसती खाज सुटली तर डॉक्टर ॲलर्जीची गोळी देऊन कोर्स चालू ठेवतात. पण अंगावर फोड, तोंडात-ओठांवर जखमा, डोळे लाल, सोबत ताप, किंवा कातडीखाली जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, असं काही झालं तर गोळी बंद आणि ताबडतोब दवाखाना.

रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या टीबीला बेडाक्विलिन, लिनेझोलिडसारखी औषधं देतात. बेडाक्विलिनसाठी हृदयाचा ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात. लिनेझोलिडनं रक्त कमी होऊ शकतं, पायाच्या शिरा आणि नजर बिघडू शकते, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. क्लोफाझिमिन असेल तर कातडी काळवंडते, औषध संपल्यावर हळूहळू निवळते.

बुरशीच्या गोळ्यांतही लिव्हरच्या त्याच खुणा लक्षात ठेवा. टर्बिनाफिननं कधी कधी चव जाते, कुंदा खाल्ला तरी गोड लागत नाही. गोळी थांबवल्यावर चव परत येते, पण कित्येक आठवडे लागू शकतात. सुरुवातीलाच सांगितलं तर डॉक्टर औषध बदलतील. इट्राकोनाझोल कमजोर हृदयावर ताण आणतं. पाय सुजले, चढावर दम लागू लागला तर लगेच दाखवा. हृदयाचं दुखणं आधीपासून असेल तर हे औषध लिहून घेण्याआधी सांगा. ग्रिसिओफल्विन आणि ‘झोल’ गोळ्या दिवस गेलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. ॲम्फोटेरिसिन दवाखान्यातच चढवतात. त्यानं थंडी वाजून ताप येतो, किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम घटतं, म्हणून रोज रक्त घेतात. रोज सुई कशाला टोचतात म्हणून नर्सताईंशी भांडू नका.

दोन औषधं एकाच पोटात

पिशवी ओतायला सांगितलं ते यासाठी. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइमं वाढवतं. परिणाम असा की दुसऱ्या कित्येक गोळ्या रक्तात टिकतच नाहीत. शुगरच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या अपुऱ्या पडतात आणि पथ्य पाळूनही शुगर चढते. रक्त पातळ करणारी गोळी कमी पडते. फिटच्या, थायरॉइडच्या, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे डोस पुन्हा पाहावे लागतात. पाळणा लांबवायची गोळी भरवशाची राहत नाही. वहिनींनो, टीबीचा कोर्स चालू असताना तांबी किंवा निरोध वापरा, आणि कोर्स संपल्यावरही महिनाभर तसंच ठेवा.

आता टीबीच्या रुग्णाला नायटाही असेल तर? तो कातडीच्या डॉक्टरकडं जातो, टीबीचं नाव काढत नाही, कारण लाज वाटते. चिठ्ठीवर इट्राकोनाझोल येतं. रिफाम्पिसिन त्याची रक्तातली पातळी इतकी पाडतं की ते घेतलं न घेतलं सारखंच. टर्बिनाफिनही लवकर मोडलं जातं. पैसे गेले, नायटा तसाच, आणि लिव्हरवर दोन्हीकडून भार. अशा वेळी डॉक्टर बहुधा मलमावर भागवतात किंवा पोटातली गोळी टीबीचा कोर्स संपेपर्यंत मागं ठेवतात. पण त्यासाठी त्यांना टीबी कळला पाहिजे. कातडीच्या डॉक्टरांनी हजार टीबीचे रुग्ण पाहिलेले असतात, ते काही गावभर सांगत सुटणार नाहीत.

‘झोल’ गोळ्या उलट्या दिशेनं काम करतात. त्या एन्झाइमं अडवतात, म्हणून दुसरी औषधं रक्तात साठतात. फ्लुकोनाझोल आणि ग्लिमेपिराइड एकत्र आलं तर शुगर अचानक उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. इट्राकोनाझोल आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, विशेषतः सिमवास्टॅटिन, एकत्र आल्या तर स्नायू दुखतात, लघवी काळी होते. उलटीसाठी सहज घेतली जाणारी डॉमपेरिडोनही यांच्यासोबत नको, हृदयाची लय बिघडू शकते.

नायट्याचं मलम

इथं माझं मत ठाम आहे. ‘खाजेचं मलम द्या’ म्हणून मागू नका आणि शेजारच्याचं अर्धं राहिलेलं मलम लावू नका. बाजारातल्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. डबीवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं एखादं नाव असेल तर ते असं मलम. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि बुरशी आतल्या आत पसरते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चट्टे उठतात, आणि डॉक्टरांना मूळचा नायटा ओळखता येत नाही. अशी मलमं चिठ्ठीवरच द्यायची आहेत. ‘दुसरा मेडिकलवाला देतो’ म्हणून भांडणारे गिऱ्हाईक येतात, तरी मी देत नाही.

साधं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटं पुढंपर्यंत लावायचं, आंघोळ करून अंग कोरडं केल्यावर. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायचं. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात टर्बिनाफिनला दाद न देणारी नायट्याची बुरशी पसरली आहे. तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नावही मिळालं. त्यामुळं पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता दोन महिने घेतो. औषध खोटं आहे असं समजून दुकानं बदलत बसू नका.

कमरेचा करदोडा बघा. ओला, घामेजलेला दोरा, त्याच्या खाली नेमकी त्याच रेषेत लाल कड. मलम कितीही लावा, बुरशी त्या दोऱ्यात बसलेली असते. उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवा. घरच्या मोठ्यांना वावगं वाटत असेल तर बरं झाल्यावर नवा बांधू म्हणून समजवा. पावसात कपडे चुलीजवळ वाळवले तर वरून कोरडे लागतात पण शिवणी ओल्या राहतात, म्हणून आतल्या कपड्यांच्या शिवणींवर इस्त्री फिरवा. पंचा ज्याचा त्याला. घरात दोघा-तिघांना नायटा असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी, नाहीतर तो फिरत राहतो.

सीमा ओलांडताना

ऊसतोडीला, गोव्यात बांधकामाला, पुण्याला मुलाकडं, माणसं जातच असतात. टीबीचा उपचार त्यामुळं तुटायला नको. निक्षय आयडी देशभर चालतो. निघण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात सांगितलं तर तिथल्या केंद्राकडं तुमची नोंद बदलून मिळते, आणि वाटेपुरत्या गोळ्याही मागून घ्या. महाराष्ट्रात चंदगडला किंवा गोव्यात बांबोळीला गेल्यावर कन्नड कार्ड वाचता आलं नाही तरी आयडीवरून सगळं दिसतं. खासगी दुकानातून टीबीचं औषध घ्यायचं तर २०१४ पासून दुकानदाराला चिठ्ठीची वेगळी नोंद ठेवावी लागते. म्हणून मूळ चिठ्ठी सोबत ठेवा, फोटोवर अडवलं तर दुकानदारावर रागावू नका.

कोर्स संपल्यावर

रिफाम्पिसिन थांबल्यावर लिव्हरची एन्झाइमं साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येतात. मधल्या काळात शुगरची किंवा रक्त पातळ करणारी गोळी वाढवली असेल, तर ती आता जास्त होईल. शेवटची टीबीची गोळी घेतली त्याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडं जाऊन डोस पुन्हा बसवून घ्या.

पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी छातीची तपासणी ठेवा. पुन्हा खोकला आला, बेडक्यात रक्त दिसलं, तर आधीच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून चालू करू नका. टीबीनं फुप्फुसात ठेवलेल्या पोकळीत कधी कधी बुरशी घर करते. खोकला तसाच, वजन उतरणं तसंच, रक्तही तसंच, पण औषध वेगळं. तिथं टीबीच्या गोळ्या निरुपयोगी आणि बुरशीच्या कित्येक महिने लागतात. बेडका टीबीसाठी तपासून घ्या, त्यात काही निघालं नाही तर “ही बुरशी असू शकेल काय?” असं डॉक्टरांना विचारा, आणि जुना एक्स-रे सोबत न्यायला विसरू नका.